डझनाची पेटी

१८ सप्टेंबर

शिहाबने आज रियाधहून पेटीचा फोटो पाठवला. लाकडी, कमरेएवढी उंच, पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेली आणि वर काळ्या रंगात माझं नाव: तुमादिर हसन, ओम्दुर्मान. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे. मी मुलींच्या शाळेत फळ्यावर अक्षरं गिरवण्यात आयुष्य घातलं, तरी माझ्याच पोराच्या हाताला वळण नाही.

फोन घेऊन सगळी गल्ली पालथी घातली. नणंदेला, दारुस्सलामला, तर मुद्दाम दोनदा दाखवला. ती म्हणाली, "फोटोला काय वास येतो? पेटी उघडेल तेव्हा बोलाव."

उघडेलच. रियाधहून जेद्दा, जेद्दाहून जहाजाने पोर्ट सुदान, तिथून ट्रकने माझ्या दारात, आणि माझ्या दारातून वाजतगाजत होणाऱ्या सुनेच्या, इसारच्या, आईच्या अंगणात. बायका चटयांवर बसतील. मी एकेक जिन्नस उचलून मोठ्याने पुकारीन, नेसायचे तोब एक डझन, अत्तर एक डझन, चंदन, लवंगा, कस्तुरी, आणि प्रत्येक जिन्नसाला बायका जीभ हलवून झगारीद घालतील. त्याच चंदन-लवंगांचं मग ८ ऑक्टोबरला कांडण होईल, त्यातून नवरीची अत्तरं बनतील आणि २९ ला लग्न. इसारच्या थोरल्या बहिणीची शैला, म्हणजे सासरहून येणारी अशी पेटी, डझनाची होती, ती सगळ्या ओम्दुर्मानला पाठ आहे. "सहा-सहाने भागेल, यम्मा," असं शिहाब मागे म्हणत होता. मी म्हटलं, बाळा, अर्धा डझन म्हणजे अर्धं लग्न. मग त्याने विषयच सोडला. समजूतदार आहे, बापावर गेलाय.

पूर्वेकडच्या लोकांनी कालपासून पोर्ट सुदानचा रस्ता अडवलाय म्हणे. दोन दिवसांत उठतील.

२३ सप्टेंबर

नाही उठले. बंदराच्या दारातसुद्धा जाऊन बसले.

ओनूरचा फोन आला. पोर्ट सुदानला बंदरातून माल सोडवून द्यायचं काम तो करतो. शिहाबच्या वडिलांची रेल्वेतली बदली तिकडे होती तेव्हा ओनूरची बायको माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्याचीही बाई. म्हणाला, जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी आहेत, काही तर कंटाळून जेद्दाला परत चाललीत. धक्क्यावर साखर आहे, पीठ आहे, औषधं आहेत, आणि एक ट्रक हलत नाही.

मी म्हटलं, "तुझेच चुलतभाऊ बसलेत ना रे रस्त्यात?"

"चुलतभाऊ बसलेत, मामा बसलाय, सासरेबुवा तर तंबूत कॉफी उकळतायत. आणि मी बेकार बसलोय, बाई."

"मग उठव की त्यांना."

"कसं उठवू? सासरे म्हणतात, सगळ्या देशाचा माल आमच्या दारावरून जातो आणि आमच्या विहिरीला पाणी नाही. ते खोटं आहे का? तुम्ही राहिलायत इथे. पाणी गाढवावरून विकत घ्यायचात."

घ्यायचे. पण त्यात माझ्या पेटीचा काय दोष? असं मी बोलले आणि नंतर मलाच बरं वाटलं नाही.

त्याने शिहाबकडून जहाजाची बिल्टी, माल चढवल्याची पावती, मागवून ठेवायला सांगितलंय. बिल्टीचा नंबर असला की माल कुठल्या जहाजात आहे ते लगेच कळतं.

२७ सप्टेंबर

शिहाबशी बोलले. आवाज बसलाय, सर्दी म्हणाला. त्याची पेटी ज्या जहाजात होती ते परत जेद्दाला वळलं. आता जहाज कंपनी जादा भाडं मागतेय, शिवाय जेद्दाच्या गोदामाचं भाडं रोज चढतंय. चाचरत होता. "यम्मा, या महिन्यात पगार थोडा पुढे गेलाय..." मी वाक्य पुरंच होऊ दिलं नाही. आईकडे मागायला लाजतोस का? एक बांगडी विकली.

पैसे पाठवायला बाजारात मुतवक्किलकडे गेले. त्याच्या भावाचं रियाधला दुकान आहे. इथे द्यायचे, तिथे मिळतात. मुतवक्किल नोटा हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "रियाधहून इकडे येणारे पैसे मोजतो मी रोज. इकडून तिकडे? नाईल उलटी वाहायला लागली का, बाई?"

मी म्हटलं, तुझं काम कर.

बिल्टीचं विचारायचं राहिलं.

४ ऑक्टोबर

इसारचं दुखान सुरू झालं. म्हणजे आता ती घराबाहेर पडणार नाही. तिच्या आईने, बुसैनाने, अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून घेतलाय, त्यात बाभळीची लाकडं धुमसतात, आणि पोरगी अंगाला तेल लावून, घोंगडी पांघरून त्या धुरावर बसते. पहिल्याच दिवशी घामाने निथळत होती. अशी बसली की महिन्यात कांती सोन्यासारखी होते. पण एकदा बसलं की लग्न होईपर्यंत बसावं लागतं, मधेच उठून हिंडता येत नाही.

बुसैनाला मी बजावलं होतं, पेटी हाती येईपर्यंत थांबू. ती म्हणाली, "तारीख आपण धरलीय की त्या रस्त्यावर बसलेल्यांनी?" इसारची आई मानी आहे. मीही काही कमी नाही. म्हणून आमचं जमतं आणि म्हणूनच बिनसतं.

इसार औषधांच्या दुकानात कामाला आहे. घोंगडीतूनसुद्धा फोनवर कुणाला तरी सांगत होती की इन्सुलिन कुठेच नाही, पेट्या बंदरात अडकल्यात, शेजारच्या गावात विचारा. फोन ठेवून मला म्हणाली, "खाला, चंदन नसेल तर मला चालेल."

"तुला चालेल, तुझ्या आईला नाही चालणार," मी म्हटलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. धुराने डोळे लाल झाले होते.

१० ऑक्टोबर

परवाचं कांडण झालं नाही. उखळं मागून आणली होती, ती परत दिली. बायकांना निरोप पाठवताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारुस्सलाम मुद्दाम समाचाराला आली. चार कप जबना कॉफी प्यायली, आणि म्हणते, "माझ्या जावयाने बहरीनहून शैला विमानाने पाठवली होती." मी म्हटलं, विमानाने पाठवली म्हणूनच एवढीशी होती, मांडीवर मावली. तेव्हा कुठे गप्प झाली. पण गेल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं.

ओनूरने पुन्हा बिल्टी मागितली. शिहाबला निरोप पाठवला. "नेट खराब आहे, यम्मा, फोटो जात नाही." दोन तासांनी त्याच नेटवरून तब्येतीची काळजी घे म्हणून गुलाबाच्या फुलाचं चित्र आलं.

१६ ऑक्टोबर

कंपनीने आता गर्दीचा अधिभार लावलाय. जेद्दाला पोर्ट सुदानच्या मालाची एवढी रास झालीय की पुढच्या जहाजात जागा हवी तर जादा मोजा. शिहाबने सांगितलं तेव्हा रक्त खवळलं. रस्ता अडवतो कोण, अडकतं कोण, आणि वर भुर्दंडही ज्याचं अडकलं त्यालाच!

खात्री करावी म्हणून ओनूरला फोन लावला. तो म्हणाला, "अधिभार खरा आहे, बाई. सगळ्याच कंपन्यांनी लावलाय. साखरवाले तर रडतायत. पण तो बिल्टीवर लिहून येतो. बिल्टी नाही तर अधिभार कशावर घेतला?"

"माझा मुलगा हिशेबनीस आहे, ओनूर. त्याला कळतं काय कशावर घेतात ते."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग संशय का घेतोस?"

मग त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

दुसरीही बांगडी गेली. मुतवक्किलने या वेळी विनोद केला नाही. पावती करताना म्हणाला, "भाऊ विचारत होता, तुमचा शिहाब पैसे घ्यायला चालत येतो, गाडी विकली का?" मी म्हटलं, रियाधला आता मेट्रो होतेय, गाडी कोण ठेवतं. चालणं तब्येतीला चांगलंच. त्याचं पोट सुटायला लागलं होतं.

२६ ऑक्टोबर

आता इथेही सगळं बंद. काल लष्कराने सत्ता घेतली. शहरात सैन्य, पुलांवर गाड्या आडव्या, नेट नाही, फोन मधूनच लागतो. आमच्या चौकात टायर जळतायत. भाकरीवाला नाही, मग किसरा, ज्वारीचा पातळ पोळा, घरीच घातला. साखरेचा भाव ऐकून चहा बिनसाखरेचा घेतला, आणि तो प्यायल्यावर त्या बंदरवाल्यांना नव्याने शिव्या घातल्या.

शिहाबची काहीच खबर नाही. पण आता खबर नाही ती नेट नाही म्हणून. हे एका अर्थी बरंय. आधी खबर नसली की जीव नुसता खाली-वर व्हायचा.

२९ ऑक्टोबर

आज लग्न होतं. वाळल्या भेंडीची आमटी केली आणि एकटीने जेवले.

१ नोव्हेंबर

आज जे झालं ते बुसैनाला कळलं तर माझ्या उंबऱ्यावर येऊन ती छाती पिटेल. इसार माझ्याकडे आली. दुखानात बसलेली नवरी, डोक्यापासून टाचेपर्यंत आईचा जुना तोब गुंडाळून, जळक्या टायरांमधून चालत! दार उघडलं तर आधी धूर आत आला आणि मग ती. बाजेवर बसली. तोंडावरचा पदर काढला, तर मी क्षणभर बघतच राहिले. काय रंग चढलाय पोरीला! एवढे दिवस बसवलं त्याचं चीज झालं.

"खाला, पेटी नको. पेटी बुडाली म्हणून सांगून टाका सगळ्यांना."

"वेडी का तू? माझं नाव आहे त्या पेटीवर."

"म्हणूनच सांगते."

मी तिला समजावलं. उशीर होतोय, पण माल कुठे जात नाही. जादा भाडं भरलंय. रस्ता उघडला की पहिल्या ट्रकने येईल. ती ऐकत होती, हातातला चहा न पिता.

"तुम्ही कधी शिहाबला विचारलंत, तो जेवतो कुठे?"

"हे काय विचारणं? कंपनीचं जेवणघर आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात एखाद्या मुलीला उत्तर येत असावं आणि तिने हात वर करू नये. मग म्हणाली, "आई म्हणते, नोव्हेंबर संपेपर्यंत पेटी उघडली नाही तर काकांच्या मुलाशी लावून देईन. ती बोलते ते करते. ताईच्या वेळी मी बघितलंय."

हे मला पहिल्यांदाच कळलं. जाताना तिने माझं डोकं छातीशी धरलं. खरं तर मी तिचं धरायला हवं होतं. लग्नाची घाई झालीय पोरीला, दुसरं काय. माझ्या तोबाला अजून धुराचा वास येतोय.

६ नोव्हेंबर

रस्ता उघडला!

सकाळी रेडिओवर सांगितलं. बंदराची दारं उघडली, ट्रक सुटले. मी दारात जाऊन अशी झगारीद घातली की समोरचे दोन कावळे उडाले. लगेच बुसैनाकडे गेले. अंगणातल्या खड्ड्यावर इसार होती, घोंगडीच्या आत. मी ओरडले, "सुटलो गं बाई!" घोंगडी हललीसुद्धा नाही.

बुसैनाने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "तुमादिर, मी काय काय बोलून गेले ते मनावर घेऊ नकोस. पण आता लग्नाची तीस तारीख मी बदलणार नाही."

"तिसापर्यंत मी स्वतः कांडत बसलेली दिसेन तुला."

१२ नोव्हेंबर

गल्लीत माल येऊ लागला. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साखर आली, समोरच्यांचा फ्रीज आला, दारुस्सलामच्या दिराच्या मोटारीची चाकंसुद्धा आली. प्रत्येक ट्रकच्या आवाजाला मी दारात. संध्याकाळपर्यंत गुडघे बोलायला लागले.

१५ नोव्हेंबर

ओनूरचा फोन दुपारी आला. मी भाजी निवडत होते.

"बाई, बसलायत का?"

"बसलेय. कुठल्या ट्रकवर आहे?"

त्याने सगळं आवार पालथं घातलं होतं. जेद्दाहून परत आलेली जहाजं, त्यांच्या याद्या, गोदामातला सुटा माल, सगळं. आपल्या सासऱ्यालासुद्धा कामाला लावलं. ते आता तंबू सोडून पुन्हा हमालांचे मुकादम झालेत. तुमादिर हसन नावाची पेटी कुठे नाही.

"जेद्दाला राहिली असेल."

"जेद्दालाही विचारलं. माझा साडू तिथे धक्क्यावर आहे." मग अगदी हळू म्हणाला, "बाई, ती पेटी निघालीच नाही कधी."

मी फोन बंद केला. उरलेली भाजी निवडून घेतली. भेंडीची देठं एका बाजूला, भेंडी एका बाजूला. हात धुतले.

मुलींचं खोटं मी चालीवरून ओळखायचे. वर्गात शिरतानाच कळायचं, कुणी गृहपाठ केला नाही ते. मुतवक्किलने सांगितलं, ओनूरने सांगितलं, ती पोरगी धुरातून उठून सांगायला आली. मला काही म्हणजे काही कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं, अल्लाहला ठाऊक.

शिहाबला साधा फोन लावला. लागला.

"बंदर उघडलं, शिहाब."

मग इसारने विचारलेलंच विचारलं.

"तू जेवतोस कुठे?"

मग तो रडायला लागला. तिशीचा बाप्या, नाकातून आवाज काढत, लहानपणी दात पडला होता तेव्हासारखा. कंपनी रमजानमध्येच बंद पडली होती. त्याने पेटी भरली होती, खरंच भरली होती, सगळं डझनाने. नोकरी गेल्यावर एकेक जिन्नस विकून खाल्ला. फोटो त्याआधीचा. मग राहण्याचा परवाना संपला, दंड चढायला लागला. जेवढा उशीर तेवढा जास्त, आणि तो भरल्याशिवाय देश सोडता येईना. माझ्या दोन बांगड्या त्यात गेल्या. जेवतो मशिदीत, आणि शुक्रवारी एका येमेनी खानावळीत भांडी घासून.

"इसारला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. ती म्हणत होती, आईला सांग."

"मग का नाही सांगितलंस, मेल्या? मी काय वाघीण आहे?"

"तू म्हणालीस, अर्धा डझन म्हणजे अर्धं लग्न. माझ्याकडे तर एक नगही उरला नव्हता, यम्मा."

मी खूप बोलले. ते इथे लिहीत नाही. गल्लीने ऐकलंय ते पुरे. त्या बंदरवाल्यांना दोन महिने मी ज्या शिव्या घातल्या त्या सगळ्या त्याला घातल्या, आणि मुळात ज्यांचा त्यात दोष नव्हता त्यांना घातल्याबद्दल वर आणखी. तो ऐकत होता. मग माझाच दम संपला.

"दंड फिटला का?"

"फिटला. परवा कागद मिळाला. पण तिकिटाचे..."

"किती भाडं आहे तुझं?"

"काय?"

"पेटीचं भाडं भरलं, गोदामाचं भरलं, गर्दीचं भरलं. तुझं सांग. जहाजाने ये. जेद्दा ते सुआकिन, जे पहिलं मिळेल ते."

शेवटची बांगडी काढताना साबण लावावा लागला.

१९ नोव्हेंबर, पोर्ट सुदान

गल्लीत सांगून आलेय की पेटी स्वतः सोडवून आणते. खोटं काय त्यात.

बसने यायला अख्खा दिवस गेला. अडवलेल्या जागी दगड अजून कडेला रचून ठेवलेत, गरज पडली तर हाताशी असावेत म्हणून. ओनूरच्या घरी उतरले. त्याच्या बायकोने माझ्या हाताचं चुंबन घेऊन, वर्गातल्यासारखं खाली बघत कॉफी ओतली. सासरेबुवा भेटले. मी त्यांना गल्लीत किती जणांसमोर काय काय म्हटलं होतं! त्यांनी खजुराची वाटी पुढे केली, आणि हात धुवायला पाणी आलं ते अजूनही गाढवावरूनच आलेलं. मी हात कमी पाण्यात धुतले.

२१ नोव्हेंबर, सुआकिन

मी तीन मुद्दे ठरवून आले होते. पहिला, आईशी खोटं. दुसरा, पोरीला धुरात बसवून ठेवणं. तिसरा आता आठवत नाही.

जहाजातून माणसं उतरली, गाद्या, पंखे, सायकली, पाण्याचे कॅन डोक्यावर घेऊन. तो सगळ्यांत शेवटी उतरला. हातात एक प्लास्टिकची पिशवी. गळ्याची हाडं शर्टातून दिसत होती. पोट सुटलंय म्हणत होते मी!

मी पुढे झाले आणि हातातली पर्स त्याच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. हमाल हसायला लागले. ओनूर धावत आला, "बाई, कस्टमच्या आत मारू नका, माल अजून सुटलेला नाही. बाहेर आल्यावर मारा." बाहेर आल्यावर हात उचलला गेला नाही. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मी एवढी रडले की आमच्या मागे गाढवगाड्यांची रांग लागली.

२४ नोव्हेंबर, ओम्दुर्मान

बस पहाटे पोचणार होती, दुपारी पोचली. गल्लीत बातमी आमच्या आधी. मला घरीसुद्धा जाऊ दिलं नाही. बुसैनाच्या अंगणात चटया पसरल्या होत्या, बायका नटूनथटून बसल्या होत्या, दारुस्सलाम अगदी पुढे, पेटी जवळून बघता यावी म्हणून. मधे जागा मोकळी सोडली होती. इसार दाराआड खोलीत. नवरीने त्या वेळी बाहेर यायचं नसतं आणि तोंडातून आवाजही काढायचा नसतो.

वाटेत शिहाब म्हणाला होता, यम्मा, अजून सांग, पेटी बुडाली म्हणून. मी म्हटलं, पुरे झालं तुझ्या पेटीचं.

"पेटी कुठाय?" बुसैनाने विचारलं.

ही बाई आता उठेल, दार लावील, आणि दिराच्या घरी निरोप धाडील, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी शिहाबला दंडाला धरून मधल्या मोकळ्या जागेत उभा केला.

"कंपनी बुडाली. पोराने पेटी विकून खाल्ली. माझ्याशी खोटं बोलला, माझ्या बांगड्यांनी दंड भरला, आणि डझनाचा हट्ट माझा होता," मी म्हटलं. "आता शैला पुकारते." आणि शैलेतला जिन्नस पुकारतात तसं, खणखणीत आवाजात पुकारलं, "मुलगा! नग एक! उशीर झाला, भाडं जास्त पडलं, थोडा वाळलाय!"

कुणीही हललं नाही. दारुस्सलामचं तोंड उघडं ते उघडंच. शिहाब मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होता. बुसैना माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता येईना.

तेवढ्यात आतून, दाराआडून, झगारीद आली. एकटीची. लांबच लांब, श्वास संपेपर्यंत, आणि श्वास घेऊन पुन्हा.

"अगं ए निर्लज्जे!" बुसैना ताडकन उठली आणि आत गेली. आवाज थांबला. आता संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

बुसैना बाहेर आली ती उखळ पोटाशी धरून. धाप लागली होती. ते तिने धप्पकन माझ्या पायांपाशी ठेवलं.

"घरात एक चंदनाची ढलपी आहे, थोड्या लवंगा आहेत," ती म्हणाली. "बस खाली, तुमादिर. तीस तारखेला सहाच दिवस राहिलेत."